बबनच्या घरी निरोप

मला पोटचं मूल नाही. पण बबन नावाचा एक मुलगा मला होता, आणि तो कितीदा मेला याची गणती मी ठेवली नाही. कधी सकाळी चहाच्या वक्ताला मेला, कधी भाकरी तव्यावर असताना मेला. एकदा ऐन बाजारच्या दिवशी, मेसवर माणसांची ही गर्दी, आणि एक पोरगा दारात येऊन उभा. त्याला मी म्हटलं, थांब रे बाबा जरा, आमटी उतू चाललीय, ती उतरवते, मग सांग.

तुम्ही म्हणाल म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही. तसं नाही हो. हा सगळा उद्योग सरांचा. सरांचं नाव मी लिहीत नाही. ते त्यांना आवडलं नसतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या गल्लीत ते कुणाला नीट ठाऊकही नव्हतं. सर म्हटलं की तेच.

नारायणगावात स्टँडच्या मागच्या गल्लीत माझी मेस होती. माहेर माझं डिंगोऱ्याचं. मालक लवकर गेले, त्यांच्या मागं ही मेस काढली. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते जेवायला येणारी पोरं बाकावर जी पुस्तकं विसरून जायची त्यांच्यावर. गावाबाहेर माळावर इंजिनिअरिंगचं कॉलेज निघालं तेव्हा पोरांचं पेव फुटलं, आणि त्यांच्या पाठोपाठ सर आले. माळ्यावरची खोली भाड्यानं मागितली. केमिकल शिकवतो म्हणाले. मी म्हटलं, खोलीत काही पेटवू नका म्हणजे झालं. ते हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, हे तुम्ही फार बरोबर बोललात."

उंच माणूस, जरा वाकलेला. वैशाखातसुद्धा अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. पायात बूट, जाड तळव्याचे, पुढून टणक. ते बूट काढायचे नाहीत. जेवायला बाकावर बसायचे ते बुटांसकट. मी पहिल्या आठवड्यात बोलले, सर, अन्नापुढं तरी. तर म्हणाले, "पळायची वेळ आली तर चप्पल उपयोगाची नाही." आता माझ्या मेसमधून कुणाला पळायची वेळ येणार होती? पण त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, मी पुन्हा विषय काढला नाही.

दुसरं खूळ वासाचं. पहिल्या दिवशी ताट पुढं ठेवलं तर हात न लावता विचारलं, "मावशी, या आमटीला वास कसा येतोय?" मला राग आला. म्हटलं, आजचीच आहे, शिळं वाढत नाही मी कुणाला. "ते नाही. वास कसा येतोय तेवढं सांगा." मी वाकून वास घेतला. म्हटलं, लसणाचा येतोय, आणि जिरं जरा जास्त तडकलंय त्याचा. त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि जेवायला लागले. मग रोजचंच झालं. मी सांगायची, ते डोळे मिटायचे. टोमॅटोच्या सीझनला सगळ्या गल्लीला आंबूस वास सुटतो, तो त्यांना सांगताना माझी जीभ अडखळायची, कारण वास सांगायचा कसा हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. मी म्हणायची, ओल्या फडक्यासारखा. ते म्हणायचे, ओलं फडकं कालचं की आजचं?

त्यांना वास येत नव्हता. अजिबात. हे मला पुढं कळलं. आधी कोकणातल्या कुठल्याशा केमिकल फॅक्टरीत होते, तिथं एकदा वायू नाकात गेला आणि वास गेला तो गेलाच, छातीही अधू झाली. पण पोरांना घेऊन ते उसाच्या दिवसांत पारगावच्या साखर कारखान्याच्या बाजूला जायचे आणि रस्त्याच्या कडेला उभं करून एकेकाला विचारायचे, काय वास येतोय? पोरं म्हणायची, सर, मळीचा. "मळीचा म्हणजे कसा?" पोरं गोंधळायची. आणि मास्तर कान टवकारून ऐकत उभे. पोरांना वाटायचं सर परीक्षा घेतायत. मला वाटतं, ते त्या वासाला भेटायला जात असावेत.

माझा कुकर चढला की सर अंगणात जाऊन उभे राहायचे. शिट्टी झाली, गॅस बंद केला, सगळं निवलं, की आत. दर रविवारी त्या कुकरची शिट्टी काढून तारेनं साफ करायची हे काम त्यांनी आपण होऊन घेतलं होतं. मेसवरचे लोक चेष्टा करायचे. कॉलेजातले क्लार्क दिगंबर भाऊ, तेही माझ्याकडंच जेवायचे, म्हणायचे, "मावशी, केमिकलचं सर आन् कुकरला भितंय." सर ऐकायचे नि म्हणायचे, "भाऊ, न भिणाऱ्याला मी वर्गात घेत नाही."

आता बबनचं सांगते.

कॉलेजात केमिकलच्या पोरांसाठी मोठा हॉल बांधला होता, पण त्यात यंत्रंच नव्हती. येणार येणार म्हणत होते, आली नाहीत. कॉम्प्युटर मात्र आले. सरांनी त्या कॉम्प्युटरमध्ये अख्खी फॅक्टरी बसवली. स्वतः लिहून. कसं, ते मला विचारू नका. पण एकदा मी हट्टानं बघायला गेले, माझा मुलगा कुठं कामाला आहे ते बघू तरी द्या म्हटलं. पडद्यावर रेघांनी काढलेली एक टाकी. तिच्यात दोन रसायनं सोडायची. ती एकत्र आली की आपोआप तापतात, म्हणून टाकीच्या भोवती गार पाणी सतत फिरवायचं. पाणी कमी पडलं, की रसायन घाईनं सोडलं, की बाजूचा आकडा चढायला लागतो. आधी सावकाश चढतो, मग एकदम पळतो. पळायला लागला की कुणाच्या बापाला आवरत नाही. पोरांनी काय करायचं, तर तो आकडा पळू द्यायचा नाही.

आणि टाकीच्या आसपास छोटे ठिपके फिरत होते. प्रत्येक ठिपक्याला नाव. ती कामाची माणसं. नावं मीच दिलेली. एकदा भाजी निवडताना सरांनी विचारलं होतं, तुमच्या डिंगोऱ्याकडची साधी नावं सांगा. मी सांगत गेले, सखाराम, तुकाराम, दशरथ, बबन. बबनचा ठिपका टाकीच्या अगदी जवळ होता. मी म्हटलं, सर, त्याला का हो तिथं ठेवलंय? जरा लांब सरकवा की. म्हणाले, "कुणीतरी तिथं असतंच, मावशी."

सरांचं म्हणणं असं होतं. खऱ्या फॅक्टरीत पोरांना चुकता येत नाही, म्हणून कॉम्प्युटर चांगला. हवं तेवढं चुका. पण कॉम्प्युटरचा एक दोष आहे, तो लगेच माफ करतो. टाकी फुटली, बटण दाबलं, की सगळं पहिल्यासारखं. पोरांना तेवढीच सवय लागली तर उद्या खऱ्या टाकीपुढं ती उभी राहणार कशी? म्हणून त्यांनी नियम केला. ज्याच्या हातून टाकी फुटेल त्यानं वर्गातून उठायचं, कॉलेजच्या फाटकातून जीप पकडायची, गावात यायचं आणि मेलेल्या माणसाच्या घरी निरोप द्यायचा.

घर म्हणून आधी सायकल दुकानवाल्या नानांना धरलं होतं. बबनचा बाप. नानांनी पहिल्याच पोरापुढं असा टाहो फोडला, कपाळ बडवून घेतलं, पंक्चरच्या टबाशेजारी लोळण घेतली, की सगळी गल्ली जमली आणि पोरगं पोट धरून हसत परत गेलं. नाना वर म्हणतात, "जमलं का न्हाई सर? आमी जत्रंत नाटकात काम केल्यालं हाये." सरांनी त्यांना हात जोडले आणि माझ्याकडं आले.

मी नाहीच म्हणणार होते. जिवंत पोरांच्या तोंडून मरणाचं वदवायचं, कसलं अभद्र. पण सरांनी नियम सांगितले ते ऐकून मी गप्प झाले. पोरानं उंबऱ्याबाहेर चप्पल काढायची. बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. आधी स्वतःचं नाव सांगायचं. मग सांगायचं, बबन गेला. जास्त आहे, सिरीयस आहे, असलं काही नाही. गेला. कसा गेला ते सांगायचं. आणि शेवटी म्हणायचं, मी तिथं होतो, चूक माझी.

आमच्याकडं कुणी मेलं की "गेला" असं घरच्यांना कुणी सांगत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. "जास्त आहे, चला" म्हणतात आणि जीपमध्ये बसवतात. माझे वडील गेले तेव्हा डिंगोऱ्याहून चुलतभाऊ जीप घेऊन आला, म्हणाला, अक्का, आबांचं जास्त आहे. जीपमध्ये सगळे आपलेच. मी स्टँडवर जीप थांबवली आणि आबांना मोसंबी घ्यायला उतरले. त्यांना रस चालेल म्हणून. चांगली निवडून घेतली, भावात घासाघीस केली, फळवालीनं वर एक टाकलं. जीपमधले सगळे माझ्याकडं बघत बसले होते. एकानंही म्हटलं नाही, अगं नको घेऊस. दारात पोचले तर तिरडी बांधत होते, आणि माझ्या हातात ती पिशवी. लोकांनी दयाबुद्धीनंच केलं हो. पण त्या मोसंब्यांचं मी काय करायचं होतं?

हे मी सरांना सांगितलं तशी त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग जे सांगितलं ते एकदाच, पुन्हा कधी नाही.

"आमच्याकडं लाइट गेली होती. पाण्याचा पंप बंद पडला. शिफ्ट माझी होती. चूक कुणाची ते चौकशीत ठरलंच नाही, मावशी. पण एक जण गेला. कंपनीनं त्याच्या घरी ड्रायव्हर पाठवला. ड्रायव्हरनं सांगितलं, जास्त आहे. त्याची आई दवाखान्यात आली. हातात पिशवी, पिशवीत धुतलेला लेंगा आणि शर्ट. घरी नेताना घालायला. मी व्हरांड्यात उभा होतो. तिनं मलाच विचारलं, साहेब, वॉर्ड कुठला?"

त्यांनी ताट पुढं सारलं.

"आणि मी हात करून वॉर्ड दाखवला."

मी विचारलं, त्याचं नाव बबन होतं का? त्यांनी मान हलवली. "नाही. त्याचं नाव मी कुणाला सांगत नाही. ते खेळात वापरायचं नाही."

मग मी बबनची आई झाले.

मला एकच नियम होता. ऐकून घ्यायचं आणि माफ करायचं नाही. "असू दे बाळा" म्हणायचं नाही, जेवून जा म्हणायचं नाही. म्हटलंत की संपलं, कॉम्प्युटर तेच करतो, असं सर बजावायचे. तुम्हाला सांगते, मेस चालवणाऱ्या बाईला दारात आलेल्या पोराला जेव म्हणायचं नाही, यापरीस मोठी शिक्षा नाही. पोरं यायची. उन्हातून तापून आलेली, चप्पल काढून उभी राहायची. पहिल्यांदा हसू दाबत बोलायची. "बबनची आई, मी अमुक, तुमचा बबन गेला." मी नुसतं बघायची. मग हसू विरघळायचं. का ते मला नाही सांगता यायचं. बहुतेक माझ्या तोंडाकडं बघून आपापली आई आठवत असावी. शेवटचं वाक्य पुष्कळ जण उंबऱ्याकडं बघून बोलायचे. आणि एक होतं, एकदा निरोप देऊन गेलेलं पोर पुन्हा क्वचितच यायचं. फार सांभाळून पाणी सोडायला शिकायचं.

तरी पोरंच ती. परीक्षा आली की रस्त्यातनं ओरडायची, "मावशी, बबन बरा आहे ना?" मी म्हणायची, तुमच्या हातात आहे रे मेल्यांनो. एका वर्षी भारनियमन फार होतं. वर्गात लाइट गेली, पडदे काळे पडले, पोरांनी टाळ्या पिटल्या, बबन वाचला म्हणून. सर म्हणाले, लाइट गेली की फॅक्टरीतला पाण्याचा पंपही बंद पडतो, बबन गेला, निघा. पोरं भांडायला लागली, सर, ही चूक लाइटवाल्यांची. तर सर म्हणाले, "त्याच्या आईला तसं सांगून बघा." आला बिचारा एक जण माझ्या दारात. सगळं सांगितलं, आणि चूक माझी म्हणायच्या जागी जी काही मुंडी खाली घातली! मग म्हणाला, मी डिझेलचा पंप ठेवायला पाहिजे होता. असं शिकवायचे सर.

मनीषा पारगावकडची. शेतकऱ्याची पोर, हॉस्टेलला राहायची, जेवायला माझ्याकडं. बोलायची कमी. अभ्यासात पहिली. तिच्या हातून टाकी कधी फुटत नव्हती, म्हणून तिची नि माझी बबनच्या नात्यानं कधी गाठ पडली नव्हती. एक दिवस लाइट गेली तेव्हा कॉम्प्युटरवर ती होती.

दारात येऊन उभी राहिली. चप्पल काढली, शेजारी शेजारी नीट ठेवली. म्हणाली, "बबनची आई, मी मनीषा. तुमचा मुलगा आज सकाळी गेला. दवाखान्यात नाही, जागेवरच गेला. लाइट गेली, गार पाणी थांबलं, टाकी तापत गेली. मी तिथं होते. मी रसायन आधीच कमी करायला पाहिजे होतं. चूक माझी." एक शब्द इकडचा तिकडं नाही. आणि उभीच राहिली. मी नियमानं गप्प. पोरगी जाईना. मग तिचा आवाज अगदी लहान झाला.

"आमच्याकडं असं कुणी आलं न्हाई, मावशी."

बारावीला असताना तिचे वडील विहिरीवरच्या मोटरीचा शॉक बसून गेले होते. शाळेत चुलता आला, म्हणाला दादाचं जास्त आहे. ही वर्गातनं दप्तर घेऊन निघाली. वाटेत चुलत्याला सांगत होती, दादा बरे झाले की त्यांना मोटरीला हात लावू द्यायचा नाही. चुलता हूं हूं म्हणत होता.

मी नियम मोडला. उंबरा ओलांडून तिला जवळ घेतलं. ती रडली ती अशी, जणू तिला त्या दिवशीच कळलं होतं. नंतर मी तिला जेवायला वाढलं आणि ती जेवली. त्यात मी काही वाईट केलं असं मला आजही वाटत नाही.

पण गोष्ट गावभर झाली. तिच्या घरी पोचली तेव्हा तिचं रूप बदललं होतं. चुलता चार माणसं घेऊन कॉलेजवर आला. पोरीबाळींना मयताचे निरोप द्यायला लावता, ज्या पोरीचा बाप गेलाय तिला लावता, हे शिक्षण म्हणायचं का? त्याचंही काळीज जळालेलंच असणार, मी त्याला दोष देत नाही. संस्थेचे लोक बसले, सरांना मध्ये उभं केलं. दिगंबर भाऊ आत होते. जेवायला आल्यावर म्हणाले, "सर एक शबुद बोललं न्हाईत, मावशी. लई वाईट वाटलं बगा." मनीषा मात्र बोलली म्हणे, की मला त्रास झाला हे खरं, पण तो सरांनी दिलेला नाही, तो माझ्याकडं आधीचाच होता, उलट त्या दिवशी हलका झाला. पण तेवढ्यात चुलत्यानं तिला हाताला धरून बाहेर नेलं. आणि ठरलं असं, की कॉम्प्युटर राहू दे, टाकी राहू दे, पण त्यातली माणसं काढायची आणि निरोपाचं थोतांड बंद. पटत नसेल तर सरांनी जावं.

मला वाटलं, सर जाणार. बूट तर पायात कायम तयारच. मी मनाशी म्हटलं, खोली रिकामी होणार, कुकरची शिट्टी आता कोण साफ करणार.

दोन-चार दिवसांनी दुपारची मेस आवरत होते, तर सर पायरीवर बसलेले दिसले. बुटांच्या नाड्या सोडत होते. गाठी जुन्या, निघता निघत नव्हत्या. मी ओट्यापाशी तशीच थांबले. त्यांनी एक बूट काढला, मग दुसरा, शेजारी शेजारी ठेवले. पाय पांढरेफटक होते हो, पाण्यातल्यासारखे. उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि स्वतःचं पुरं नाव सांगितलं. ते तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं.

म्हणाले, "बबनची आई, तुमचा मुलगा आता नाही. मी आज सकाळी स्वतः बसून त्याला काढलं. मी गेलो असतो तर ती टाकी शिकवायला कुणी उरलं नसतं, पोरं नुसतं पाठ करून पास झाली असती. म्हणून मी राहिलो आणि त्याला काढलं. चूक माझी."

पोरांपुढं कितीतरी वेळा मी गप्प राहिले होते. पण त्या दिवशी गप्प राहणं म्हणजे काय ते कळलं. मी काही बोलले नाही. त्यांना ते हवं होतं. थोड्या वेळानं त्यांनी बूट हातात घेतले आणि अनवाणी माळ्यावर गेले. त्या रात्री आमटीचा वास कसा येतोय हे त्यांनी विचारलं नाही.

पुढं वर्षं गेली. सर शिकवत राहिले. टाकी फुटायची, पडद्यावर लाल अक्षरं यायची, बटण दाबलं की पुन्हा सुरू. पोरं गाणी म्हणत टाक्या फोडायची असं दिगंबर भाऊ सांगायचे. आता कुणी माझ्या दारात घामेजून येत नव्हतं. मी आपली निवांत. पण उन्हाच्या वेळी जीप थांबली की माझं लक्ष अजून दाराकडं जायचं.

मनीषाला पुण्याकडच्या एका फॅक्टरीत नोकरी लागली. दिवाळीला यायची, सरांना भेटायची. एकदा म्हणाली, सर, पहिल्या दिवशी मी साहेबांना विचारलं, लाइट गेली तर पाण्याचं काय? साहेब म्हणाले, आजवर कुणी विचारलं नाही. सर त्या दिवशी हसले. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही, म्हणून सांगते.

मग त्यांची छाती बोलायला लागली. चार पायऱ्या चढले की थांबायचे. तोंडात फवारा मारायचे. मनीषानंच त्यांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. जाताना गाडीत बसवलं, तर काच खाली करून म्हणाले, "मावशी, परत आलो की मऊ भात करा. वर तूप. वास मी विचारीन."

एका सकाळी मोबाइल वाजला. दिगंबर भाऊ. "मावशी, सरांचं जास्त हाये. संस्थेची गाडी घिऊन येतो, तयार ऱ्हा."

आता तुम्ही म्हणाल, तुला कळलं असेलच. बबनची आई तू, 'जास्त आहे' म्हणायचं नाही हा नियम तुला तोंडपाठ. मोसंबीची पिशवी धरून तिरडीपुढं उभी राहिलेली तू. नाही हो कळलं. जास्त आहे म्हणजे जास्त आहे, असं मी धरलं. मी तांदूळ धुतले. पाणी जास्त घालून मऊ भात लावला. वर साजूक तूप सोडलं. डबा भरला, फडक्यात बांधला, लुगडं बदललं. वास कसा सांगायचा ते मनात जुळवत होते. तुपाचा, आणि नव्या तांदळाचा, म्हणजे कसा, पहिल्या दिवशीच्या खळ्यासारखा.

डबा हातात घेऊन वळले, तर दारात मनीषा.

रात्रभर दवाखान्यात होती ते कपड्यांवरनं दिसत होतं. पहाटेची मिळेल ती गाडी धरून आली होती. मी म्हटलं, अगं ये, तू कशी इथं, गाडी येतेय, आपण मिळूनच जाऊ. ती आत आली नाही. खाली वाकून तिनं चप्पल काढली आणि शेजारी शेजारी ठेवली.

मग मला कळलं. ती बोलायच्या आधीच.

"मावशी, मी मनीषा. सर आज पहाटे गेले. दवाखान्यात गेले, श्वास थांबत गेला. डॉक्टरांनी पुष्कळ केलं. मी तिथं होते."

शेवटचं वाक्य राहिलं. ती ओठ हलवत होती, पण यायचं कुठून? चूक कुणाची होती?

मी म्हटलं, "राहू दे. ते नको म्हणूस."

नियमात नव्हतं ते.

आम्ही तशाच उभ्या होतो, ती बाहेर, मी आत. गल्लीत गाडी थांबली. दिगंबर भाऊ उतरले, डोक्याला रुमाल, नजर भलतीकडं, आणि लांबनंच म्हणाले, "चला मावशी, लौकर निघू. जास्त हाये."

मी म्हटलं, "भाऊ, गेलेत ते. पहाटे. हिनं सांगितलं मला."

त्यांनी रुमाल काढला. मग तो एवढा मोठा माणूस त्या पायरीवर, जिथं बसून सरांनी बूट काढले होते, तिथंच खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडायला लागला. नारायणगावच्या वेशीपासून तो निरोप तोंडात धरून आला होता बिचारा.

मी डबा ओट्यावर ठेवला. पिशवी नाही, काही नाही, रिकाम्या हातानं गाडीत बसले.